मुंबई ते लंडन किती तास? आधी तारीख आणि एअरलाइन सांगा

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आम्ही पुण्याचे, आई-बाबा नोव्हेंबरात पहिल्यांदा लेकीकडे लंडनला चाललेत, मुंबईहून डायरेक्ट फ्लाइट आहे. नेटवर अंतर ७,२०० किमी दाखवतंय, विमान ताशी ९००च्या आसपास जातं म्हणजे आठ तास व्हायला पाहिजेत, पण तिकिटावर दुपारी १:१५ला सुटून संध्याकाळी ६ला पोचतं असं छापलंय म्हणजे पावणेपाच तास, आणि परतीचं रात्री ८:३०ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ११ला मुंबईत म्हणजे साडेचौदा तास. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून नक्की किती तास बसून काढायचे ते कळायला हवंय.

उत्तर आधी देऊन टाकतो. जाताना सव्वादहा तास, येताना नऊ तास. आता हे कसं ते सांगतो, कारण मी बरीच वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढली, म्हणजे विमान सुटायच्या आधी रूट कुठला, वारा किती, इंधन किती, उतरता आलं नाही तर जायचं कुठे हे सगळं कागदावर मांडणारा जो माणूस असतो ते काम, आणि ओळखीतल्या प्रत्येकानं कधी ना कधी हाच प्रश्न विचारलाय.

तिकिटाचं गणित सोपं आहे. तिकिटावर सुटायची वेळ सुटणाऱ्या गावची आणि पोचायची वेळ पोचणाऱ्या गावची असते, कायम, जगात कुठेही. लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असतं. म्हणून जाताना घड्याळातला फरक ४:४५ अधिक ५:३०, झाले १०:१५. येताना १४:३० वजा ५:३०, झाले ९:००. पश्चिमेला जाताना मिळवायचे, पूर्वेला येताना वजा करायचे, बस. फक्त एक गोची आहे, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा फरक साडेचारच तासांचा राहतो. त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यात जाऊन नोव्हेंबरात परत येणाऱ्याला जातानाचा हिशोब ४:३० धरून आणि येतानाचा ५:३० धरून करावा लागतो, आणि एअरलाइन्सचं उन्हाळी-हिवाळी टाइमटेबलही त्याच रविवारी बदलतं, म्हणजे एकाच फ्लाइट नंबरची वेळ दोन आठवड्यांत बदललेली दिसते आणि लोकांना वाटतं तिकीट चुकीचं छापलं.

आता ७,२०० किलोमीटर. आकडा बरोबर आहे, मुंबई विमानतळ ते लंडनचं हीथ्रो विमानतळ सरळ रेषेत तेवढंच भरतं, आमच्या भाषेत ३,८९०च्या आसपास नॉटिकल माइल. पण ही सरळ रेषा भिंतीवरच्या नकाशातली नव्हे. पृथ्वीगोल असेल घरात तर मुंबईवर आणि लंडनवर बोट ठेवून मध्ये दोरा ताणून बघा. दोरा मुंबईहून वायव्येला निघतो, कराचीवरून जातो, बलुचिस्तान, अफगाणिस्तान-इराणची हद्द, कॅस्पियन समुद्राचं दक्षिण टोक, मग सोचीच्या आसपास काळा समुद्र, ओडेसा, पोलंडमध्ये क्राकोव, जर्मनी आणि मग जवळजवळ सरळ पश्चिमेला तोंड करून लंडनमध्ये शिरतो. भिंतीवरच्या नकाशावर हीच वाट उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखी दिसते आणि माणसं विचारतात हे वळसा घालून का नेतात, तर तो वळसा नाहीच, नकाशा सपाट आहे म्हणून तसं दिसतं.

पण या दोऱ्यावरची गावं परत वाचा. कराची. ओडेसा. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२पासून प्रवासी विमानांना बंद आहे. आणि पाकिस्ताननं २४ एप्रिल २०२५ला भारतीय विमान कंपन्यांना आपल्या हद्दीत बंदी घातली आणि मग महिन्या-महिन्यानं मुदत वाढवत नेली. याआधी २०१९मध्ये बालाकोटनंतरही असंच झालं होतं, २७ फेब्रुवारी ते १६ जुलै. म्हणजे जी सर्वात जवळची वाट आहे ती दोन ठिकाणी तुटलेली आहे आणि ७,२०० हा आकडा भारतीय कंपनीच्या विमानासाठी नुसता पुस्तकी राहतो.

इथे एअरलाइन कुठली हा प्रश्न येतो. पाकिस्तानची बंदी भारतीय विमानांना आहे, परदेशी कंपन्यांना नाही, त्या जायचं की नाही ते स्वतः ठरवतात (मे २०२५मध्ये काही युरोपियन कंपन्यांनीही आपणहून ती हद्द टाळली होती). त्यामुळे एकाच दिवशी मुंबईहून लंडनला निघालेली दोन विमानं, एक भारतीय आणि एक ब्रिटिश, पूर्ण वेगळ्या वाटांनी जाऊ शकतात. भारतीय विमान अरबी समुद्रावरून ओमान, मग आखात, तिथून त्या दिवशी इराण-इराकमधलं जे उघडं आणि सुरक्षित असेल त्यावरून तुर्कस्तान, मग बल्गेरिया, रोमानिया, हंगेरी असं चढत जातं. आणि आखातावरची वाटही बेभरवशाची झालीय, १३ जून २०२५ला इराणचं आकाश अचानक बंद झालं तेव्हा मुंबईहून लंडनला निघालेलं विमानसुद्धा वाटेतून परत आलं होतं. असल्या दिवशी डिस्पॅचच्या टेबलावर काय चालू असतं ते सांगायला वेगळं पान लागेल.

मुंबईचं नशीब एवढंच की आपण दक्षिणेला आहोत. मुंबई ते दुबई १,९३० किमी, तिथून इस्तंबूलवरून लंडन धरलं तर सगळं मिळून साधारण ७,४५०च्या घरात जातं, म्हणजे वळसा अडीचशे किलोमीटरचा, पंधरा-वीस मिनिटं. दिल्लीची गोष्ट वेगळी आहे. दिल्ली ते लंडन सरळ अंतर ६,७००, मुंबईपेक्षा पाचशे किलोमीटर जवळ. पण पाकिस्तान बंद झालं की दिल्लीच्या विमानाला आधी खाली गुजरातच्या किनाऱ्याकडे यायचं, मग समुद्रावरून ओमान, मग वर, म्हणजे हजारेक किलोमीटरची भर पडते आणि दिल्ली मुंबईपेक्षा लंडनपासून लांब पडते. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही फ्लाइट्सना व्हिएन्नाला थांबून इंधन भरायची वेळ २०१९मध्येही आली आणि २०२५मध्येही. म्हणून कुणी "मुंबईहून डायरेक्ट महाग आहे, दिल्लीमार्गे जाऊ, तेवढंच अंतर पडेल" म्हणाला तर त्याला हे दाखवा. मुंबई-दिल्ली १,१४० आणि पुढे दिल्ली-लंडन वाढीव, उलट्या दिशेला जाऊन परत सुलट्या दिशेला. दुबईमार्गे गेलात तर मात्र १,९३० अधिक दुबई-लंडन ५,५००च्या आत, म्हणजे सगळे ७,४०० आणि काही, सरळ रेषेपेक्षा फार तर दोनशे जास्त. किलोमीटरच्या हिशोबात दुबई वाटेतच आहे. वेळ जातो तो लेओव्हरमध्ये, म्हणजे मधल्या थांब्यात.

आता खरा मुद्दा, वारा. जाताना सव्वादहा आणि येताना नऊ, अंतर तेच, विमान तेच, मग सव्वा तास गेला कुठे?

बरेच लोक म्हणतात पृथ्वी फिरते म्हणून. नाही. पृथ्वी फिरते तशी तिच्याबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. डेक्कन क्वीन पळत असताना डब्यातून इंजिनाच्या बाजूला चालत गेलात काय किंवा मागे आलात काय, पावलं तेवढीच पडतात. फरक पडतो तो हवा स्वतः पृथ्वीच्या तुलनेत किती वाहतेय त्याने, आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवर ती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, हिवाळ्यात तर सपाटून वाहते. जेट स्ट्रीम म्हणतात तो हाच. डिसेंबर-जानेवारीत त्याचा एक पट्टा बरोबर उत्तर भारतावर, इराण-आखाताच्या अंगाने पसरलेला असतो आणि दुसरा युरोपवर, त्यात शंभर नॉटच्या (ताशी १८५ किमीच्या) वरचा वारा ही रोजची गोष्ट.

आमच्या फ्लाइट प्लॅनवर हे एका छोट्या आकड्यात येतं. प्लॅन म्हणजे लांबलचक प्रिंटआउट, वाटेतला एकेक बिंदू, प्रत्येकाची उंची, तिथलं तापमान, वारा, तिथपर्यंत जळलेलं इंधन, आणि वरती सगळ्या वाटेचा सरासरी वारा एका ओळीत, एम ०४५ किंवा पी ०४५ असा. एम म्हणजे मायनस, समोरून. पी म्हणजे प्लस, पाठीमागून. अनुभवी कॅप्टन ब्रीफिंगला आला की आधी ती ओळ बघतो, मग इंधन, मग हीथ्रोचं हवामान, आणि अर्धं काम तिथेच झालेलं असतं.

हिशोबापुरतं धरू की जाताना एम ०४५ आहे. ४५ नॉट म्हणजे ताशी ८३ किमी. विमान हवेतून ९००ने चाललंय पण जमिनीवरून बघाल तर ८१७नेच पुढे सरकतंय. ७,४५० भागिले ८१७, नऊ तास सात मिनिटं. तोच वारा येताना पाठीशी, ९८३चा वेग, सात तास पस्तीस मिनिटं. दीड तासाचा फरक नुसत्या वाऱ्यानं. जुलैत हाच वारा वीस नॉटवर आला तर जायला आठ तास अडतीस मिनिटं आणि यायला सात सत्तावन्न, फरक राहिला चाळीस मिनिटांचा. म्हणून म्हणतो तारीख सांगा.

जुलैवरून आठवलं, आपल्याकडे पावसाळ्यात एक गंमत होते. पश्चिमेकडचा जेट हिमालयाच्या पलीकडे सरकतो आणि दक्षिण भारतावर, चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर, उलट्या दिशेचा म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारा जोरदार वारा तयार होतो. तो ओळखून मांडला आपल्याच हवामानशास्त्रज्ञानं, पी. कोटेश्वरम यांनी, १९५०च्या दशकात. विमानं त्याच्या मुख्य पट्ट्याच्या खालून जातात पण त्याची झुळूक मिळते, मुंबईहून निघाल्यावर पहिला तासभर प्लॅनवर चक्क पी दिसतो. पुढे तुर्कस्तानकडे चढत गेलं की परत एम.

सीटसमोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड (जमिनीवरून मोजलेला वेग), उंची हे सगळं दिसतं, बाबांना ते लावून द्या, वेळ बरा जातो. उंचीकडेही बघायला सांगा, पश्चिमेला जाताना बहुतेक सम हजारांत असते, ३४, ३६, ३८ हजार फूट, आणि परत येताना विषम, ३५, ३७, ३९. समोरासमोरची विमानं एका पातळीवर येऊ नयेत म्हणून जगभर ठरलेली पद्धत आहे.

आता नऊ तास सात मिनिटांचे सव्वादहा कसे होतात. तिकिटावरची वेळ ही हवेतली वेळ नसते. गेटवर चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून तिकडच्या गेटवर ठोकळे लावेपर्यंतची असते, तिला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. मुंबईत रनवे दोन आहेत पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालतो, आणि देशातल्या सर्वात गजबजलेल्या विमानतळांपैकी एक त्या एका रनवेवर चालतो. पुशबॅक, म्हणजे विमान गेटपासून मागे ढकलून झाल्यावर रांगेत वीस मिनिटं हे नेहमीचंच, गर्दीच्या वेळी त्याहून जास्त. मग वर चढताना आणि खाली उतरताना विमान ९००ने जात नाही, त्यात पंधरा-वीस मिनिटं जातात. मग हीथ्रो. तिथे दोन रनवे, साधारणपणे एक उतरायला आणि एक उडायला, आणि स्लॉट, म्हणजे उतरायच्या-उडायच्या ठरवून दिलेल्या वेळा, इतके भरलेले की पाच-दहा मिनिटांची गडबड झाली तरी विमानं वर फिरत ठेवतात. लंडनच्या भोवती त्यासाठी चार ठिकाणं ठरलेली आहेत, पूर्वेकडून येणाऱ्यांच्या वाट्याला बहुतेक लॅम्बर्न किंवा बिगिन हिल येतं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिथे एक-दोन चकरा मारायला लागल्या तर घाबरायचं काही कारण नाही, त्याचं इंधन आधीच मोजून भरलेलं असतं. आणि नुसतं तेवढंच नाही, वाटेतल्या इंधनावर वरून काही टक्के, उतरता आलं नाही तर गॅटविक किंवा दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, आणि त्यावरही अर्धा तास घिरट्या घालायचं, हे सगळं भरल्याशिवाय विमान हलत नाही.

आणि शेवटी एअरलाइन्स टाइमटेबलमध्ये थोडी हवा भरतात, पॅडिंग म्हणतात, म्हणजे थोडा उशीर झाला तरी वेळेवर पोचलो असं दाखवता येतं. लोक याला चलाखी म्हणतात, मला ती शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण टाइमटेबल सहा महिन्यांचं छापायचं आणि वारा रोजचा वेगळा. म्हणूनच कधी कधी फ्लाइट चाळीस मिनिटं उशिरा सुटून वेळेवर पोचते आणि मग सगळे म्हणतात पायलटनं काय दामटवलं! पायलटनं फारसं काही केलेलं नसतं. मोठी विमानं ज्या वेगानं जातात तिथून आणखी वेग वाढवायला वाव थोडाच असतो, सगळा जोर लावून पंधरा मिनिटं मिळाली तर खूप, आणि इंधन मात्र चांगलंच जास्त जळतं. बाकीची वेळ पॅडिंगमधून आणि त्या दिवशीच्या वाऱ्यातून निघते.

एक जुनी गोष्ट सांगायचा मोह होतोय. ८ जून १९४८ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान, मलबार प्रिन्सेस नावाचं, कॉन्स्टेलेशन जातीचं, मुंबईहून लंडनला निघालं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत १० जूनला पोचलं. १९६०मध्ये बोइंग ७०७ जेट आली आणि वेग साधारण आजच्याइतका झाला. त्यानंतर इतकी वर्षं गेली, विमानं दुप्पट मोठी झाली, माणशी इंधन निम्म्यावर आलं, पण वेग वाढलेला नाही, त्यामुळे यापुढे हे अंतर "कमी होईल" वगैरे बातम्या आल्या तर जरा जपून वाचा.

आता तुमच्या कामाचं. फ्लाइट बुक करायच्या आधी वेबसाइटवर "ड्युरेशन" म्हणून जे तास-मिनिटं देतात तेच बघा, त्यात टाइम झोनचा हिशोब केलेला असतो. पण ती टाइमटेबलची वेळ झाली. खरी काय लागते ते बघायचं तर फ्लाइट ट्रॅकिंगच्या अ‍ॅपवर त्याच नंबरची मागच्या आठवडाभराची फ्लाइट काढा, कुठून गेली, किती वाजता सुटली-पोचली सगळं दिसतं. दोन एअरलाइन्समध्ये निवडायचं असेल तर त्यांच्या वाटा शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन-तीन महिने आधी हे बघण्यात अर्थ नाही, वारा आणि बंद आकाश दोन्ही तोपर्यंत बदललेलं असेल, जायच्या आठवड्यात बघा.

तुम्ही पुण्याचे आहात असं लिहिलंय, मग खरा दिवस दहा तासांचा नाहीच. दुपारी १:१५च्या फ्लाइटला सव्वादहाला विमानतळावर पाहिजे, पुण्याहून मुंबई विमानतळ दीडशे किलोमीटर, सकाळच्या वेळी मुंबईत शिरताना काय होतं तुम्हाला माहीत आहे, म्हणजे साडेपाच-सहाला घर सोडायचं. तिकडे सहाला उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा, तास-दीड तास सहज. लेकीला साडेसातच्या आधी बोलवू नका, पार्किंगचे पैसे जातात. घरून निघाल्यापासून बाहेर पडेपर्यंत एकोणीस तास धरा.

आणि गुडघे. सव्वादहा तासांत बोर्डिंगचे पाऊण तास मोजलेले नाहीत, म्हणजे सीटवर अकरा तास. त्यातही पहिली वीस-तीस मिनिटं आणि शेवटची तासभर बेल्ट लावूनच बसावं लागण्याची शक्यता जास्त, मधल्या वेळात दर दीड-दोन तासांनी उठून फेरी मारता येते. त्यासाठी कडेची म्हणजे आइल सीट घ्या, खिडकी नको, दोन माणसांना ओलांडून बाबा उठणारच नाहीत, संकोचतात त्या वयाची माणसं. व्हीलचेअर तिकिटात आत्ताच टाकून घ्या, निदान ४८ तास आधी तरी एअरलाइनला कळलेलं हवं. ती मुंबईसाठी नव्हे, हीथ्रोसाठी, तिथे गेटपासून इमिग्रेशनपर्यंत चालणं भरपूर आहे आणि व्हीलचेअर असली की बहुतेक वेळा रांगही वेगळी मिळते. आईलाही बरोबर सोडतात.